बेळगावात राहून हिप हॉप प्रोड्युसर होता येतं का? की पुण्याला जायलाच हवं? दुसऱ्या रॅपरांसोबत काम कसं जमवायचं?

जायची गरज नाही. अमेरिकेतला हिप हॉप प्रोड्युसर जे डिला डेट्रॉइटच्या तळघरात बसूनच ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट आणि द फारसाइड या रॅप ग्रुपसाठी बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, करत होता. लॉस एंजेलिस गाठलं ते अगदी शेवटी. 2006 मध्ये 32व्या वर्षी वारला. तुम्ही टिळकवाडीत बसा नाहीतर निपाणीत, काम गावामुळे अडत नाही, फायलींमुळे अडतं.

खानापूरचा रॅपर मराठीत म्हणणार, हुबळीचा कन्नडात, आणि दोघंही मोबाइलवरून एमपीथ्री पाठवणार. एमपीथ्री बनवणारा एन्कोडर फाइलच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता घुसडतो. मग शब्द स्नेअरवर (ड्रमच्या कडक ठोक्यावर) बसत नाहीत आणि खापर रॅपरच्या तालावर फुटतं. 24 बिट वेव्हच (न दाबलेली ऑडिओ फाइल) मागा, तीही बीटच्या पहिल्या ठोक्यापासून, भलेही त्याचं कडवं दोन मिनिटांनी असो. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच. ऑडिओ म्हणून टाकली की फाइल दाबली जाऊन आवाजाचा दर्जा उतरतो. सॅम्पल रेट आधी ठरवा. 44.1 किलोहर्ट्झची फाइल न बदलता 48च्या सेशनमध्ये वाजली तर सूर जवळजवळ दीड सेमीटोन चढतो आणि गाणं नऊ टक्के पळतं. स्टेम्स, म्हणजे एकेका वाद्याच्या सुट्या फायली, काढताना मास्टरवरचा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारं टूल) बंद.

हलगी घेणार असाल तर शेकून गरम असतानाच सगळे टेक उरका. गार झाली की चामडं सैल पडून सूर उतरतो आणि पुढचा टेक आधीच्याला जुळत नाही. माइक दीड-दोन फुटांवर, तिरका, आवाजाचं पीक उणे 12 डेसिबलच्या आसपास. नंतर ती ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तालाच्या रेघांवर, ओढून सरळ करू नका, मजाच जाते. डिलाच्या ड्रमची मजासुद्धा ठोके ग्रिडवरून जरासे सरकलेले असण्यातच होती. किक ग्रिडवर, हलगी हाताची, एवढं पुरे.

काम मिळवायला दहा बीटचा गठ्ठा पाठवू नका, कोण ऐकत नाही. त्या रॅपरच्याच जुन्या गाण्याखाली नवा बीट बसवून मिनिटभर पाठवा.

आता पैसे. ‘बीटचे पैसे दिले की गाणं माझं’ म्हणणारे आपल्याकडे ढीगभर आहेत, त्यातल्या एकाशी माझा वाद अजून मिटलेला नाही, त्यानं हे नीट वाचावं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. 2012 च्या दुरुस्तीनंतर तर संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सोडतो म्हटलं तरी सोडता येत नाही. ‘दोस्तच आहोत की, लिहायचं कशाला?’ म्हणाला तर स्टेम्स देऊ नका. एक कागद पुरतो: कोणाचे किती टक्के, स्टेम्स कोणाकडे, आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) कोण काय म्हणून नोंदणार. संगीत 50, शब्द 50. रॅपर दोन असले तर शब्दांच्या 50 मधून त्यांनी 25-25 घ्यावेत. प्रत्येकी एक तृतीयांश हा हिशोब मला मान्य नाही.

बीटमध्ये दुसऱ्याचं सॅम्पल, म्हणजे त्याच्या गाण्यातला उचललेला तुकडा, असेल तर मात्र हे सगळं बाजूला. आधी मूळ हक्कदाराची परवानगी, मग टक्के. आणि मोठ्या लेबलचा करार हातात आला तर माझ्या उत्तरावर जाऊ नका, वकिलाला दाखवा.