सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी दाखवणारं आमचं ॲप मुक्त (कोड कुणालाही वापरता-बदलता येईल असं) ठेवून, ‘कृष्णेत मळी सोडणाऱ्या कारखान्यांनी वापरू नये’ अशी अट घालता येईल का?

अट घालता येईल, पण मग ॲप ‘मुक्त’ राहणार नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येतलं शून्य क्रमांकाचं, म्हणजे पहिलंच, स्वातंत्र्य आहे: प्रोग्राम कोणत्याही कामासाठी चालवता येणं. ओपन सोर्सच्या व्याख्येतला ६वा मुद्दाही वापराचं क्षेत्र पाहून कुणाला वगळू देत नाही. २०१९च्या हिपोक्रॅटिक परवान्यात अशा नैतिक अटी आहेत, म्हणूनच तो या व्याख्यांत बसत नाही. मात्र अशी अट घालायला कोड तुमचा स्वतःचा हवा, किंवा दुसऱ्याच्या कोडच्या परवान्यात तशी मुभा हवी. त्यात जीपीएल ३ या मुक्त परवान्याखालचा दुसऱ्याचा कोड असेल, तर जादा अट लावताच येत नाही. लावलीच, तर त्या परवान्याच्या कलम ७नुसार कोड घेणारा ती काढून टाकू शकतो. तुमची तळमळ रास्त आहे, पण मळीविरुद्ध खरं हत्यार १९७४चा जलप्रदूषण कायदा. तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे कराच.