मोहोर नंतर, आधी ताण

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

आंब्याच्या मोहोराची बारा चित्रं पोचली. रंग चांगले लागलेत, पण त्यांतली अकरा परत पाठवतोय. मोहोर सगळेच काढतात.

येत्या डिसेंबरात भडगाव-पाचोऱ्याकडच्या एखाद्या मोसंबीच्या बागेत जाऊन बस. मोसंबीचा आंबे बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या सुमारास येणारी फुलं, धरायचा असला की त्या दिवसांत पाणी तोडतात. झाडाला ताण बसतो, पानं मलूल होतात, पिवळी पडून गळायला लागतात. झाड विरळ झालं की फांद्यांची खरी ठेवण दिसते. तेव्हा नुसता कोळसा घे, रंगाला हात लावू नकोस. जानेवारीत ताण तोडला, म्हणजे पुन्हा पाणी दिलं, की पुढे त्याच काड्यांवर नवती, म्हणजे कोवळी पालवी, आणि पांढरी कळी येते. बसायची जागा मात्र तीच हवी. बांधावर खूण कर, वावरात नको. माझी खूण वखराखाली गेली नि एक अख्खा बहार वाया गेला.

आंब्याच्या एका तुऱ्यात फुलं शेकड्यांनी असतात, टिकतं एखाद-दुसरं फळ. बाकीची गळ खाली मातीत पडते, तीही काढ. वाटाणा, गोटी, सुपारी, अंडं ही बागेतली मापं वहीत लिही, सेंटिमीटर नकोत. कैरी भरू लागली की ताठ तुरा हळूहळू लवतो. तो बाक तू मनाने काढलास, म्हणून तुझी कैरी दोरीला टांगल्यासारखी दिसते.

एकच झाड वर्षभर काढून कंटाळा येईल म्हणतेस. अजिंठ्याची छतं पाहिलीस ना, चौकटी-चौकटींतून फळं-फुलं भरलेली? रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार १८४४ पासून तिथल्या चित्रांच्या नकला करत वर्षानुवर्षं राहिला. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. गाडी बदलताना वेळ मिळाला तर जाऊन ये.

केळीचं पुढच्या वर्षी बघू. पावसाळ्याच्या तोंडाला लावलेली मृगबाग वेगळी, पावसाळा सरता लावलेली कांदेबाग वेगळी. एका वावरात कमळ, म्हणजे केळफूल, बाहेर पडत असतं, तर शेजारी घड उतरवत असतात. तिथे ऋतू धरून बसलीस तर फसशील.

बारावं चित्र मी ठेवून घेतलंय. त्यात मोहोराच्या देठाशी एक तुडतुडा आहे. तो तू बघून काढलायस.

तुझे,
सर