घरी बनवलेल्या पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) टिन प्लेटिंग केल्याने सोल्डरिंग चांगलं होतं का? कोणतं रसायन वापरावं?

होतं. पण तुमचा प्रश्न वाचून मला आमचे दाजी आठवले, त्यामुळे आधी ते ऐका.

भुसावळला आमचं मोटरचे ऑटो स्टार्टर बनवायचं छोटं काम होतं. गिऱ्हाईक सगळं केळीवालं. रात्री दोनला लाईट आली की पंप आपोआप चालू व्हावा, एवढीच मागणी. एका वर्षी आखाजीच्या आधी ४० बोर्ड फेरिक क्लोराइडमधून (ते नको असलेलं तांबं खातं) काढून, धुऊन, गठ्ठा करून ठेवले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे रिले (विजेवर चालणारे स्विच) आले थेट जूनमध्ये. तोवर तांबं चॉकलेटी पडलेलं, वर घामेजल्या बोटांचे ठसे. सोल्डर नुसतं गोळी होऊन घरंगळायचं.

दाजींच्या घरी पूर्वी कल्हईचा धंदा. म्हणाले, "तांबं ते तांबं भो, पातेलं काय नि बोर्ड काय. नवसागर मार." मी नको म्हणालो. पण भांडवल त्यांचं, आणि बहिणीच्या नवऱ्याशी किती वाद घालणार? नवसागराच्या पाण्याचा बोळा फिरवला, सोल्डर आरशासारखं बसलं. मग चार लोकांत मला टोमणे, की डिप्लोमावाल्याला एवढंही येत नाही.

पोळ्यापर्यंत ११ स्टार्टर परत आले, रावेर-यावलकडचे. उघडले तर ट्रॅकवर (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर) हिरवा थर, दोनांत ट्रॅकच खाऊन तुटलेला. नवसागर तापला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, तेच काळपटपणा खातं. कल्हईवाला भांडं शेवटी पाण्यात बुडवतो, उरलंसुरलं निघून जातं. रिलेच्या बुडाखाली कोण धुणार? तिथले क्लोराइड पावसाळी दमट हवा ओढून घेतात आणि तांबं कुरतडत बसतात. दाजी म्हणतात त्या साली पाऊसच जास्त होता. मग मी गुपचूप नवसागराऐवजी राळ लावून केलेले सहा बोर्ड त्याच पावसात कसे टिकले?

तर तुमचं. तारेच्या घासणीनं तांबं चमकवा, आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) विरघळवलेली राळ ब्रशनं लावा. सोल्डरिंग आयर्नवर ६०/४० (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डर घ्या आणि डिसोल्डरिंग वीक (सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी) आयर्नखाली धरून ट्रॅकवरून ओढत न्या. पातळ थर बसतो, झालं टिनिंग. शुद्ध कथलाचा (टिनचा) हट्ट नको. ते २३२ अंशांना वितळतं, ६०/४० हे १८३ पासूनच. उगाच तापवलं तर पॅड (पार्ट जोडायचे तांब्याचे ठिपके) उखडतात. त्याच दिवशी पार्ट लावणार असाल तर नुसती राळ पुरे.

बाटलीत मिळतं ते द्रावण म्हणजे स्टॅनस क्लोराइड, थायोयुरिया आणि आम्ल. थर जेमतेम मायक्रॉनभर. थायोयुरियावर कर्करोगाचा संशय आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात तर नाहीच. वर्षाला चार बोर्ड करणाऱ्यानं यात पडू नये.

हां, बारीक पायांची आयसी (चिप) लावायची असेल तर माझी पद्धत चालणार नाही, उंचवटे येतात. तिथे द्रावणच बरं. वापरलेलं गटारीत ओतू नका. सोल्डरमध्ये शिसं असतं, जेवणाआधी हात धुवा.

त्या ११ पैकी एक बोर्ड अजून दाजींकडे आहे. दिवाळीला गेलो की मी तो बघायला मागतो, आणि ते चहा टाकायला सांगतात.