उचललेली फरशी: दोष मालाचा की कामाचा?

प्रश्न: भर मे महिन्यात दुपारी हॉलच्या मधल्या चार व्हिट्रिफाइड टाइल्स फट्कन आवाज होऊन उचलल्या. दुकानदार गवंड्याकडे बोट दाखवतो, गवंडी मालाला नावं ठेवतो. फरशी तपासनीस नेमकं काय बघतो?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: आधी उचललेल्या टाइल्स जपून ठेवा. निम्मा निकाल त्यांच्या पाठीवरच असतो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती नीट धरत नाही. पाठ कोरी निघाली तर बहुधा हेच झालंय. अॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार मसाला) वापरलं असेल आणि दातेरी थापीच्या रेघा न दबता तशाच उभ्या असतील, तर टाइल दाबली गेली नाही किंवा मसाल्यावर आधीच साय धरली. सोलापूरच्या उन्हाळ्यात, त्यातून पंखा चालू असेल तर, पसरलेला मसाला किती वेळ ओला राहतो याच्या पिशवीवर लिहिलेल्या वेळेवर विसंबून चालत नाही. चार कोपरे आणि मध्ये एक असे गोळे ठेवून बसवलेली टाइल तर पाहताक्षणी ओळखू येते. घरातल्या कोरड्या जागी किमान 80 टक्के पाठ मसाल्याला चिकटलेली हवी, बाथरूममध्ये 95.

मग स्कर्टिंगचा (भिंतीच्या तळाच्या पट्टीचा) एक तुकडा काढून तपासनीस भिंतीलगतची फट बघतो. तिथे 6 ते 8 मिलिमीटर मोकळी जागा हवी. बहुतेक घरांत ती सिमेंटने ठासून भरलेली असते. 6 मीटरचा हॉल 20 अंशांनी तापला तर फरशी जेमतेम एक मिलिमीटर वाढते. पण टाइलला टाइल भिडलेली आणि कडेला वाव नाही, मग ती वर उठणारच. त्यात खालचं नवं काँक्रीट सुकताना आकसतं, तो ताण वेगळा.

बाकीची फरशी तो ठोकून बघतो, पोकळ आवाजाच्या टाइल्सवर खडूने खुणा करून नकाशा काढतो. केवळ पोकळ आवाज म्हणजे दोष नव्हे, पण खुणा एका पट्ट्यात आल्या तर कारण सापडतं. मालाचा बाक, म्हणजे टाइलचा मुळातला वाकडेपणा, मात्र न बसवलेल्या टाइलवरच मोजता येतो. म्हणून उरलेला खोका, त्यावरचा बॅच नंबर आणि बिल सांभाळा.

तपासनीस दुरुस्ती करत नाही. फोटो, मापं आणि कारण लिहून देतो. दुरुस्तीचा ठेका मागणाऱ्याचा अहवाल आम्ही तरी धरणार नाही.

प्रश्न: जुन्या शहाबादीवर विनाइल शीट चिकटवली तर चालेल का?
– एक वाचक, बाळीवेस

उत्तर: आधी ओल तपासा. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान 16 तास ठेवा. आतून दव धरलं किंवा खालचा दगड काळवंडला, तर शीट टाकू नका. जुन्या घरांत फरशी थेट मुरुमावर असते. ओल वर येते, शीटखाली अडकते, गोंद सुटतो आणि फुगे येतात. ही चाचणी पावसाळ्यानंतर करा. एप्रिलमध्ये सगळंच कोरडं दिसतं.