साखरेच्या बॅटरीत नेमकं खर्च काय होतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी साखरेवर चालणारी बॅटरी कशी करायची, आणि साखरेवर ई-रिक्षा चालवू म्हणणाऱ्या कंपनीत पैसे घालावेत का. आधी प्रदर्शनाचं सांगतो, कंपनी तपासायला तेच कामी येईल.

व्हिडिओंमध्ये साखरेच्या पाण्यात तांब्याची नि जस्ताची पट्टी बुडवून एलईडी लावतात. त्यात जस्त झिजतं, साखरेला काहीच होत नाही. साखरेचं पाणी वीज वाहूनही नेत नाही, म्हणून त्यात मीठ किंवा लिंबू असतं. साखर वगळून बघा, व्होल्टेज जवळपास तेवढंच येईल.

खरा प्रयोग यीस्टचा, आणि तो शाळेच्या प्रयोगशाळेत बाईंसमोरच करावा. अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात ४.१ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट आणि ३.३ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट डायहायड्रेट विरघळवा. पीएच ७ च्या आसपास येतो. याच बफरच्या (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाच्या) प्रत्येकी १०० मिलीत वेगवेगळं विरघळवा: १८ ग्रॅम ग्लुकोज, ०.३२ ग्रॅम मिथिलीन ब्लू, ०.६६ ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. एका कप्प्यात बफरमध्ये कालवलेलं दाटसर यीस्ट १० मिली, ग्लुकोज ५ मिली, मिथिलीन ब्लू ५ मिली. दुसऱ्यात २० मिली फेरीसायनाइड. मध्ये कॅटायन एक्स्चेंज मेंब्रेन (फक्त धन आयन जाऊ देणारा पडदा), दोन्हीकडे इलेक्ट्रोड म्हणून कार्बन फेल्ट. ०.४ ते ०.६ व्होल्ट मिळतात, पण मोकळ्या टोकांवरचं व्होल्टेज फसवतं. ४७० ओमचा रेझिस्टर जोडून मोजा.

यीस्ट साखरेतून काढलेले इलेक्ट्रॉन मिथिलीन ब्लूला देतं, तेव्हा त्याचा रंग जातो. निळा रंग खालून उडत गेला की समजा यीस्ट कामाला लागलं. वरचा थर निळाच राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पळवतो. म्हणून कप्पा काठोकाठ भरून झाका. बडोद्यातल्या डिसेंबरच्या सकाळी यीस्ट सुस्त असतं, भांडं ३५ अंशांच्या पाण्यात ठेवा. शेजारी साखरेविना दुसरा सेल हवाच. यीस्टच्या पोटात साठा असल्याने तोही थोडा चालेल. साखरेचं श्रेय म्हणजे दोघांतला फरक. फेरीसायनाइडजवळ आम्ल मुळीच आणू नका, विषारी वायू निघू शकतो. उरलेलं मोरीत ओतू नका.

आता कंपनी. साखरेत ऊर्जा भरपूर आहे: किलोला सुमारे ४.४ युनिट, चांगल्या लिथियम सेलच्या वीसपट. अडचण ती भराभर काढण्याची. ग्लुकोजच्या रेणूतून २४ इलेक्ट्रॉन निघू शकतात, एका एन्झाइमच्या (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या) पायरीत निघतात २. सोनीने २००७ मध्ये दाखवलेला ३९ मिलिमीटरचा ठोकळा ५० मिलिवॅट देत होता. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये १३ एन्झाइमांची साखळी लावून सगळे २४ काढले. शक्ती मिळाली चौरस सेंटिमीटरला ०.८ मिलिवॅट. त्या हिशेबाने १ किलोवॅटच्या रिक्षाला १२५ चौरस मीटर इलेक्ट्रोड लागतील, एका ऐसपैस फ्लॅटएवढे. शिवाय एन्झाइम महाग, आणि उन्हाळ्यात टिकवणं त्याहून कठीण. लहान सेन्सरसाठी मात्र हे तंत्र मला मनापासून आशादायक वाटतं.

ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये लिथियम-सल्फर बॅटरीच्या बाइंडरमध्ये (इलेक्ट्रोडचे कण धरून ठेवणाऱ्या डिंकासारख्या पदार्थात) साखर घातली, तिलाही बातम्यांत साखरेची बॅटरीच म्हणतात. तिथे साखर इंधन नाही.

ऊसवाल्यांचं भलं होईल हा प्रचार मला सर्वांत खटकतो. व्हर्जिनियाचा सेल माल्टोडेक्स्ट्रिनवर चालला, आणि ते होतं स्टार्चपासून. आपल्याकडे मागणी निघालीच तर आधी गुजरातेतल्या दाहोद-पंचमहालच्या मक्याला, कारण स्टार्च त्यातून मिळतो. साखर ४४ रुपये किलो धरा आणि निम्मी ऊर्जा हाती लागली असं माना, तरी नुसत्या इंधनाचे युनिटला २० रुपये पडतात. त्यात साखर सरकारी नियंत्रणातली. डिसेंबर २०२३ मध्ये उत्पादन घटणार असं दिसताच केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली. इथेनॉलला तर सरकारचाच पाठिंबा होता, तरी ही गत.

कंपनीला लेखी विचारा: लोडवर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट, ४० अंशांत एन्झाइम किती दिवस टिकतं, आणि साखर न घालता तोच सेल किती देतो. तिन्हींची मोजलेली उत्तरं मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.