ओम प्रकाश की ओमप्रकाश?

अमळनेरहून आलेला प्रश्न असा: मुलाचं नाव 'ओम' ठरतंय, वडील प्रकाश, आडनाव चौधरी. 'ओम'ला शोभेल असं मधलं नाव कोणतं?

आपल्याकडे मधलं नाव निवडायचं नसतं, ते बाळाच्या आधीपासून घरात असतं. इंग्रजी नावांत मधली जागा मोकळी असते, म्हणून तिकडच्या याद्या आपल्या उपयोगाच्या नाहीत. प्रश्न उलटा घ्यावा: प्रकाशच्या आधी कोणतं नाव नीट बसेल? खानदेशात याला जरा जास्तच महत्त्व. एका वर्गात तीन-चार पाटील आणि दोन चौधरी सहज निघतात, मग ओळख पटते ती बापाच्या नावानेच. अहिराणीत "हाऊ कोना आंडोर शे?" (हा कोणाचा मुलगा आहे?) विचारलं की "किशोरना" (किशोरचा) एवढं उत्तर पुरतं.

'ओम प्रकाश चौधरी'ची अडचण अर्थाची नाही, सांध्याची आहे. लिहिणारा ते 'ओमप्रकाश' असं जोडून टाकतो आणि वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा राहतो. साई–प्रसाद, देव–आनंद, शिव–शंकर या जोड्यांचंही तेच. 'ओंकार प्रकाश' केलं की प्रश्न मिटला.

दुसरा घोळ कानाचा. मराठीत अकारान्त नावातला शेवटचा 'अ' बोलताना गळतो, त्यामुळे 'समर'चा र् थेट पुढच्या अक्षराला भिडतो. 'समर राजेंद्र' भरभर म्हटलं तर 'समराजेंद्र' ऐकू येतं; 'विवेक किरण'चं 'विवेकिरण' होतं. शेवटी जोडाक्षर असेल तर 'अ' टिकतो, म्हणून 'समर्थ राजेंद्र' स्वच्छ वाजतं. 'भालचंद्र वनाजी नेमाडे' म्हणून बघा, कुठे अडखळायला होत नाही. मात्र जोडाक्षरानंतर स्वर आला की घात: 'आर्य अनिल'मध्ये मुलगा आहे की आर्या नावाची मुलगी, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. 'मीरा आनंद'चं 'मीरानंद' होतं ते तर स्वर स्वराला चिकटल्यामुळेच.

आता यात आईच्या नावाची भर पडली आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांत नावाचा क्रम बाळ, आई, वडील, आडनाव असा आहे. चांगलंच झालं, पण सांधे दोनाचे तीन झाले. 'ओम सीमा प्रकाश चौधरी'त ओमप्रकाशचा धोका टळतो, पण आई मनीषा असेल तर 'ओमनीषा' होतं. मुलगा प्रेम आणि आई लता असेल तर कागदावर सरळ 'प्रेमलता' उभी राहते. आई-वडिलांची नावंही एकमेकांत मिसळतात, जसं ज्योती–प्रकाश. तिथे काही करता येत नाही, फक्त दोन शब्दांत जागा सुटली आहे ना, एवढं अर्जावर बघावं.

नाव तीन प्रकारे मोठ्याने म्हणून पाहावं: हजेरी घेतल्यासारखं भरभर, आईच्या नावासकट, आणि आडनाव आधी घेऊन. तिसरं बरेच जण विसरतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं येतं, आणि तिथे 'पाटील लावण्या'चं 'पाटीलावण्या' होतं. सांधा बिघडलेला आढळला तर आवडतं नाव लगेच टाकून देऊ नये. बहुतेकदा शेवटचं अक्षर बदललं तरी भागतं.

अर्थही एकदा तपासावा. खानदेशात समाधान नावाचे बाप पुष्कळ. मुलीचं नाव 'तृप्ती' ठेवलं तर एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं होतं, आणि 'आशा समाधान' म्हणजे वर्तमानपत्राचा मथळा.

बारशाच्या बाराव्या दिवसापर्यंत ठरलं नाही तरी बिघडत नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, पण ती नावाशिवायही होते. नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क भरता येतं, नंतर विलंब शुल्क देऊन 15 वर्षांपर्यंत. एकदा भरलेलं नाव बदलणं मात्र जिकिरीचं असतं, तेव्हा 'ओम'चा अर्ज अजून दिला नसेल तर थोडं थांबा.