दिवसा लुकलुकणारा हेडलाइट: उपयोग कुठे आहे आणि कुठे नाही

तुमचा प्रश्न असा आहे की, समोरून येणाऱ्या मोटारी वारंवार तुमच्या मोटरसायकलच्या आडव्या वळतात, तर हेडलाइट लुकलुकवणारा मॉड्युलेटर बसवावा का, आणि त्याचा इतरांना त्रास होईल का. माझे मत आधीच सांगतो: जिथे कायदा परवानगी देतो तिथे हे उपकरण दिवसाच्या वापरासाठी चांगले आहे, पण ते तुमच्या अडचणीचा अर्धाच भाग सोडवते.

मॉड्युलेटर आणि स्ट्रोब यांत लोक नेहमी गल्लत करतात. स्ट्रोबचा दिवा पूर्ण विझतो आणि पुन्हा भपकन पेटतो. मॉड्युलेटरमध्ये दिवा कधीच विझत नाही, फक्त त्याचे तेज कमी-जास्त होत राहते. अमेरिकेच्या संघीय मानकानुसार हा वेग मिनिटाला २४० आवर्तनांचा, ४० कमी-जास्त, असावा लागतो. प्रत्येक आवर्तनात ५० ते ७० टक्के वेळ दिवा पूर्ण तेजाने जळला पाहिजे आणि सर्वांत मंद क्षणीही त्याचे तेज १७ टक्क्यांखाली उतरता कामा नये. अंधार पडताच लुकलुकणे आपोआप थांबवणारा सेन्सर सक्तीचा आहे, आणि मॉड्युलेटर बिघडला तरी हेडलाइट चालू राहिला पाहिजे, अशीही अट आहे. बाजारातले कोणतेही उपकरण पाहताना या अटी पडताळून पाहा. स्वस्त उपकरणांत बहुधा सेन्सरच गाळलेला असतो, आणि रात्री लुकलुकणारा हेडलाइट हा समोरच्याला निव्वळ छळ आहे.

आता हे काम का करते ते पाहू. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातील मोटरसायकल अपघातांच्या अभ्यासावर आधारित, १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या हर्ट अहवालात असे आढळले की, दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश घटनांत त्या दुसऱ्या चालकाने मोटरसायकलस्वाराचा अग्रहक्क मोडला होता, आणि मोटरसायकल वेळेवर लक्षात न येणे हे त्यामागचे मोठे कारण होते. हे न दिसणे दर वेळी बेफिकिरीतून येते असे नाही. तुम्ही सरळ एखाद्याच्या दिशेने येत असता तेव्हा त्याच्या दृष्टिक्षेत्रात तुम्ही जवळजवळ एकाच जागी स्थिर असता. लांब असेतो तुमचा आकार अगदी सावकाश वाढतो आणि शेवटच्या काही क्षणांत एकदम फुगतो. वळणावर उभा असलेला चालक डावी-उजवीकडे भरभर नजर फिरवतो, आणि स्थिर ठिपका त्या घाईत मागच्या झाडा-भिंतींत मिसळून जातो. नजरेच्या कडेला बारकावे दिसत नाहीत, पण बदल चटकन टिपला जातो. लुकलुकणारा दिवा नेमका तो बदल पुरवतो. अर्थात तुम्ही मोटारीच्या काचेशेजारच्या खांबाआड लपलेले असाल, तर कोणताही दिवा उपयोगाचा नाही.

आता उरलेला अर्धा भाग. तुम्हाला पाहूनही चालक वळतो, कारण तुम्ही किती लांब आणि किती वेगात आहात याचा त्याचा अंदाज चुकतो. लहान वाहन मोठ्या वाहनापेक्षा उशिरा पोहोचेल असे माणसाला स्वाभाविकपणे वाटते, आणि एकुलत्या एका दिव्यावरून तर अंतर कळायला फारसा आधारच नसतो. लुकलुकल्याने यात काही भर पडत नाही. त्यासाठी हेडलाइटच्या खाली दोन्ही बाजूंना, शक्य तितके दूर, दोन स्थिर सहायक दिवे लावावेत. तीन दिव्यांचा त्रिकोण जवळ येताना रुंदावत जातो आणि वेगाचा अंदाज बराच सुधारतो. एकच खर्च करायचा असेल, तर मी मॉड्युलेटरआधी हे दोन दिवे घेईन.

त्रासाबद्दल म्हणाल, तर खरी अडचण अर्थाची आहे. हेडलाइटची उघडझाप काही ठिकाणी ‘तुम्ही आधी जा’ असे सांगते, काही ठिकाणी ‘मी येतोय, थांबा’ असे. क्षणभर पाहणाऱ्याने उलटा अर्थ घेतला तर तुम्हाला ज्याची भीती आहे तेच घडेल. म्हणून समोरचा तुम्हाला पाहून थांबला आहे असे दिसले तरी वेग कमी ठेवा. रांगेत पुढच्या मोटारीच्या आरशात सतत लुकलुकणे हेही उद्धटपणाचेच वाटते. यावर सोपी तोड अशी की, मॉड्युलेटर फक्त हाय बीमला जोडावा; मग डिपरचे बटण दाबून लो बीमवर आलात की दिवा स्थिर होतो. अपस्माराची शंकाही अनेक जण काढतात. प्रकाशाने झटका येण्याचा धोका सेकंदाला साधारण १५ ते २५ वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशात सर्वाधिक असतो, तर इथे वेग सेकंदाला चारच्या आसपास आहे.

कायदा सगळीकडे सारखा नाही. अमेरिका आणि कॅनडात हे चालते, ब्रिटनमध्ये चालत नाही. आपली मोटरसायकल जिथे नोंदलेली आहे तिथला नियम वाचल्याशिवाय पैसे घालू नका. दिव्याचा प्रकारही पाहा: साध्या हॅलोजनवर मॉड्युलेटर सहज चालतो, एचआयडीवर (वायूतून विजेची ठिणगी पाडून उजेड देणाऱ्या दिव्यावर) चालत नाही, आणि एलईडीसाठी त्याच दिव्याकरिता बनवलेले उपकरण लागते.

परवानगी नसेल तर दिवसाही लो बीम चालू ठेवा आणि कपड्यांकडे लक्ष द्या. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरातील २००४ च्या अभ्यासात फ्लुरोसंट किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांचा अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी, तर दिवसा हेडलाइट लावणाऱ्यांचा २७ टक्क्यांनी कमी आढळला होता. चौकाजवळ येताना आपल्याच लेनमध्ये हलकेच एका कडेकडून दुसरीकडे सरकणे हाही चांगला उपाय आहे, कारण त्यामुळे तुमचा ठिपका मागच्या दृश्यावरून हलतो. मात्र हे रस्ता कोरडा आणि शेजारची जागा मोकळी असतानाच करावे.

शेवटची एक सूचना बसवण्यासंबंधी. सहायक दिवे इंडिकेटरला खेटून लावले तर त्यांच्या प्रखर उजेडात इंडिकेटर दिसेनासा होतो. दिवे पक्के करण्याआधी कोणाला तरी भर उन्हात वीस-तीस मीटरवर उभे करा, सगळे दिवे लावून इंडिकेटर चालू करा आणि तो कोणत्या बाजूचा आहे हे त्यांना न अडखळता सांगता येते का ते पाहा.